डिस्कव्हरीचा एक कोपरा सकाळी खाली बसतो: एअर सस्पेन्शनची गळती घरी शोधणं आणि बंद करणं

तुमची गाडी २०१२ ची लँड रोव्हर डिस्कव्हरी ४. रात्री सपाट जागी उभी केली की सकाळी पुढचा डावा कोपरा दोन बोटं खाली असतो. गॅरेजने कंप्रेसर (सस्पेन्शनमध्ये हवा भरणारा पंप) बदलून दिला, पाच महिने बरे गेले, आणि आता पुन्हा सस्पेन्शनचा दिवा लागतो, स्कॅनरवर सी१ए२० हा कोड येतो. आता चारही स्ट्रट, म्हणजे प्रत्येक चाकावरचे स्प्रिंगऐवजी हवेच्या रबरी पिशवीचे शॉकअप, बदला म्हणतात. यातलं काही घरी करता येईल का, हा तुमचा प्रश्न.

बहुतेक सगळं करता येईल. पण पाना हातात घेण्याआधी एक रात्र फक्त मोजण्यात घालवावी लागेल, आणि ती रात्र लोक वाचवायला बघतात म्हणूनच पैसे वाया जातात.

भोसरीच्या एका कारखान्यात हवेच्या लाइनी सांभाळण्यात माझी २२ वर्षं गेली. कारखान्यात हवा ६-७ बारवर खेळते. डिस्कव्हरीच्या सस्पेन्शनच्या हवेच्या टाकीत ती १५ बारच्या आसपास असते, आणि तुमच्या टायरमध्ये असते जेमतेम अडीच बार. एवढा फरक आधी नीट मनात बसू द्या, पुढची सगळी काळजी त्यातूनच येते. माझ्याकडे स्वतःची डिस्कव्हरी ३ आहे. तिच्यावर आणि मित्रांच्या गाड्यांवर जे शिकलो तेच इथे सांगतोय.

सी१ए२० या कोडचा अर्थ एवढाच, की टाकी भरताना दाब हवा तितक्या वेगाने वाढत नाहीये. कोड कंप्रेसर खराब आहे असं म्हणत नाही. गॅरेजमध्ये मात्र तो तसाच वाचला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा होतं असं: कुठेतरी बारीक गळती असते, ती भरून काढायला कंप्रेसर रोज गरजेपेक्षा कितीतरी जास्त चालतो, तापतो, त्याच्या पिस्टनची रिंग झिजते, आणि एक दिवस त्याला दाब चढवता येईनासा होतो. नवा कंप्रेसर बसवला की तो ताज्या दमाने तीच गळती भरत राहतो. पाच महिन्यांनी त्याचीही तीच गत. तुमच्या गाडीचं नेमकं हेच झालेलं दिसतंय. नवा कंप्रेसर अजून पूर्ण गेलेला नसेल, म्हणून गळती बंद होईपर्यंत गाडी कमी वापरा.

आता कोपरा खाली बसण्याबद्दल. जो कोपरा सकाळी खाली दिसतो तोच गळतोय असं धरून चालू नका. गाडी बंद करून तुम्ही झोपता, पण सस्पेन्शनचा कंट्रोलर, म्हणजे उंची सांभाळणारा कॉम्प्युटर, झोपत नाही. तो अधूनमधून जागा होतो, चारही उंच्या बघतो आणि गाडी समतल ठेवण्यासाठी उंच कोपऱ्यांतली हवा सोडून त्यांना सगळ्यात खालच्या कोपऱ्याशी जुळवतो. म्हणजे गळतो एक कोपरा आणि सकाळी खाली दिसतात दोन, कधी सगळी गाडीच. शिवाय एखादा हाइट सेन्सर (कोपऱ्याची उंची मोजणारा) खोटं सांगत असेल तर गळती अजिबात नसतानाही गाडी वाकडी बसते. माझ्या एका मित्राने असाच एक धडधाकट स्ट्रट बदलला होता. दोष सेन्सरच्या गंजलेल्या प्लगमध्ये निघाला. गाडी दापोलीकडच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत फिरली होती आणि नंतर कुणी ती खालून धुतली नव्हती.

म्हणून पहिल्या रात्री कंट्रोलरला गप्प करायचं. गाडी सपाट फरशीवर, नेहमीच्या उंचीवर उभी करा. गिअर पार्किंगमध्ये, चाकांना ठोकळे. बॉनेट उघडं ठेवा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. बॉनेट उघडं हवं, कारण वीज गेली की दारं-कुलपं नेहमीसारखी चालत नाहीत. मग चारही चाकांवर माप घ्या: चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत. जमिनीपासून मोजू नका, नाहीतर टायरची हवा आणि फरशीचा उतार मापात शिरतो. मास्किंग टेपचा तुकडा लावून नेमकी जागा ठरवून घ्या, कारण प्रत्येक वेळी तिथूनच मोजायचं आहे. लगेच एक माप, दोन तासांनी एक, सकाळी एक. वहीत लिहा, डोक्यात ठेवू नका.

थंडीत किंवा मार्चमध्ये ही परीक्षा घेत असाल तर आणखी एक गोष्ट. दुपारी ३५ अंश आणि पहाटे १८ अंश असेल तर हवा साडेपाच टक्क्यांच्या आसपास आकसते. चारही कोपरे सारखेच थोडे बसले तर ती गळती नाही, नुसतं हवामान आहे. घाबरून कामाला लागू नका. शक्यतो संध्याकाळी गार झाल्यावर पहिलं माप घ्या.

सकाळचे आकडे बरंच काही सांगतात. एकच कोपरा खाली आला असेल तर दोष त्या कोपऱ्याच्या स्ट्रटमध्ये, त्याच्या डोक्यावरच्या जोडात, पाइपमध्ये किंवा व्हॉल्व्ह ब्लॉकमधल्या (कोपऱ्यांना हवा वाटून देणाऱ्या व्हॉल्व्हच्या ठोकळ्यातल्या) त्याच्या व्हॉल्व्हमध्ये. पुढचे दोन्ही कोपरे सारखे बसले तर पुढच्या व्हॉल्व्ह ब्लॉककडे बघायचं. या गाडीत डाव्या-उजव्या बाजूच्या हवेला आपसात जोडणारे क्रॉस-लिंक व्हॉल्व्ह आहेत. खडकाळ रस्त्यावर एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबलं जावं म्हणून ते दिले आहेत. ते नीट बंद झाले नाहीत तर एका बाजूची गळती दोन्ही बाजूंनी दिसते. चारही कोपरे जागच्या जागी असतील, पण गाडी चालू केल्यावर कंप्रेसर खूप वेळ घरघरत राहत असेल, तर हवा टाकीकडून किंवा कंप्रेसरच्या बाजूने जातेय. आणि बॅटरी काढलेल्या रात्री गाडी हलली नाही, पण बॅटरी जोडलेल्या रात्री मात्र वाकडी झाली, तर हवेचा नादच सोडा. हाइट सेन्सर, त्याची दांडी आणि प्लग तपासा.

मोजलं की मग साबण. त्याआधी जिवाची गोष्ट. एअर सस्पेन्शनवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. एकदाही नाही, हातभरही नाही. दार उघडं असलं की उंची बदलायची थांबते, हे खरं आहे. पण पाइप सुटला तर हवा दार बघायला थांबत नाही. अडीच टनांची गाडी एका श्वासात खाली येते. चासीखाली दोन्ही बाजूंना मजबूत घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड), त्याही सपाट काँक्रीटवर, आणि लक्ष ठेवणारा एक माणूस जवळ. सोबत एवढं नसेल तर काम दुसऱ्या दिवशी करा.

तुमच्या आकड्यांवरून गळती किती असेल याचा मी ढोबळ हिशेब केला. एका कोपऱ्यावर साधारण ६५० किलो भार धरला आणि रात्रीच्या १२ तासांत तो ३० मिलिमीटर बसला असं मानलं, तर मोकळ्या हवेच्या मापाने जेमतेम २ लिटर हवा गेली. म्हणजे दर दोन-तीन सेकंदांना वाटाण्यापेक्षा लहान एक बुडबुडा. एवढ्या गळतीचा आवाज येत नाही. म्हणून कान लावून 'काहीच नाही' म्हणणारे मेकॅनिक चुकत नाहीत, फक्त ते चुकीचं साधन वापरतात. साबण लावून लगेच पुढे जाणाऱ्यालाही ती सापडणार नाही. प्रत्येक जोडाला ब्रशने फेस न करता नुसतं साबणपाणी लावायचं, आणि घड्याळ लावून दोन मिनिटं बघत बसायचं. फेस आधीच असेल तर नवा बुडबुडा त्यात हरवतो. एक भाग भांडी घासायचं लिक्विड आणि दहा भाग पाणी पुरे. काम झालं की साध्या पाण्याने धुऊन टाका. या लिक्विडांत बरेचदा मीठ असतं आणि व्हॉल्व्ह ब्लॉक ॲल्युमिनियमचा असतो.

सुरुवात स्ट्रटच्या डोक्यावरच्या जोडापासून करा. पितळी नट, आत पाइपला चावून धरणारी कॉलर आणि ओ-रिंग (हवा अडवणारी रबरी कडी), याला व्हॉस फिटिंग म्हणतात. स्ट्रटपेक्षा हा जोड कितीतरी स्वस्त, आणि गळतीचं कारण म्हणून आधी तपासण्याच्या लायकीचा. मग पाइपच्या पूर्ण लांबीवर हात फिरवत जा, विशेषतः जिथे तो चासीला घासतो तिथे. उंदराने कुरतडलेला पाइप मी दोनदा पाहिला आहे. दोन्ही गाड्या पावसाळ्यात गोठ्याशेजारी उभ्या होत्या. मग व्हॉल्व्ह ब्लॉक: पुढचा बंपरच्या मागे, मागचा चासीच्या रेलवर. स्ट्रटचं रबर सगळ्यात शेवटी, कारण डिस्कव्हरीत ते धुळीच्या आवरणात झाकलेलं असतं आणि चीर दिसत नाही. आवरणाच्या खालच्या कडेने बुडबुडे येताना दिसले तर मात्र स्ट्रट गेला असं समजा. ही तपासणी नेहमीच्या उंचीवर एकदा आणि ऑफ-रोड उंचीवर एकदा करा. ऑफ-रोड उंचीला गाडी साधारण ५५ मिलिमीटर वर जाते, रबराची घडी दुसऱ्या जागी येते, आणि घडीत मिटलेली चीर उघडते. काही स्ट्रट एका उंचीवर आठवडाभर हवा धरतात आणि दुसऱ्या उंचीवर एक रात्रही नाही.

जोड गळत असेल तर दुरुस्ती तासाभराची. बॅटरी काढलेली, गाडी घोडीवर, चाक लोंबतं. डायग्नोस्टिक टूल असेल तर त्या कोपऱ्याची हवा आधी त्यानेच सोडा. गॅप कंपनीचं आयआयडी टूल डिस्कव्हरीवाल्यांत त्यासाठीच प्रिय आहे. नसेल तर नट पाव फेरा सैल करा आणि थांबा. फुसफुस पूर्ण थांबेपर्यंत पुढचा पाव फेरा नाही. डोळ्यांवर चष्मा हवाच. पाइप निघाला की त्याचं टोक बघा: जुन्या कॉलरचे दात जिथे रुतले होते तिथे कड उमटलेली असते, आणि त्या कडेवर नवी ओ-रिंग कधीच नीट बसत नाही. तेवढा तुकडा, पाच-दहा मिलिमीटर, कापून टाका. कापायला पाइप कटर किंवा नवं धारदार ब्लेड. वायर कापायच्या कटरने पाइप चपटा होतो. मी पहिल्यांदा तेच केलं होतं, आणि नवा स्ट्रट घालूनही गाडी बसतच राहिली. टोक अगदी काटकोनात हवं. नवं फिटिंग हाताने आट्यांत घालून मग हलकंच आवळा, ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीसचा नुसता हात लावा, आणि पाइप थांबेपर्यंत सरळ आत ढकला. आत किती गेला हे कळावं म्हणून आधी मार्करने खूण करून ठेवा. मग थोडा मागे ओढून बघा, कॉलरने धरलेला असला पाहिजे.

इथे टेफ्लॉन टेप लावू नका. नळाच्या सवयीने हात तिकडेच जातो, पण इथे आटे हवा अडवत नाहीत, ओ-रिंग अडवते. टेपचे तुकडे मात्र व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकतात, आणि मग एका गळतीच्या दोन होतात. बाहेरून एपॉक्सी पुट्टी थापणं, रबराला पंक्चरचं पॅच चिकटवणं हेही नको. त्या रबरात दोऱ्याचे थर असतात आणि ते दर खड्ड्याला दुमडतं. पॅच तिथे टिकत नाही, आणि सुटला तर घाटात सुटतो.

पाइप बदलायचा झाला तर बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजा. या गाड्यांत ४ आणि ६ मिलिमीटर अशा दोन्ही मापांचे पाइप भेटतात. न्यूमॅटिक्सच्या दुकानात मिळणारा निळा मऊ पाइप पॉलियुरेथेनचा असतो, कारखान्यातल्या ६-७ बारसाठी चांगला. इथे तो चालणार नाही. एक्झॉस्टच्या उष्णतेत तो मऊ होतो. नायलॉन १२ चा पाइप घ्या, त्यावर छापलेला दाब वाचा. ट्रकच्या हवेच्या ब्रेकला हाच पाइप असतो, त्यामुळे ६ मिलिमीटरचा पाइप ट्रकचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत विचारा. ओ-रिंगसाठी पुण्यात बोहरी आळी आहे. जुनी ओ-रिंग खिशात घेऊन जा आणि आतला व्यास व जाडी दोन्ही जुळवून घ्या. नाना पेठेत डिस्कव्हरीचा सुटा भाग हमखास मिळेल असं नाही, पण चांगला पाइप कटर मिळेल.

व्हॉल्व्ह ब्लॉक उघडायची वेळ आलीच, तर प्रत्येक पाइपला नंबराची टेप लावा आणि मोबाइलवर फोटो काढा. आत पांढरी पूड दिसली तर ती मागच्या कंप्रेसरची देणगी समजा. कंप्रेसरला एक ड्रायर असतो, त्यात ओल शोषणारे दाणे असतात. कंप्रेसर सतत चालला, त्यात आपल्याकडच्या पावसाळ्याची दमट हवा, की दाणे भिजून फुटतात आणि त्यांची पूड व्हॉल्व्हच्या सीटवर जाऊन बसते. मग व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. ही गळती साबणाला दिसत नाही, कारण हवा बाहेर न येता आतल्या आत दुसरीकडे जाते. पूड दिसली तर ब्लॉक साफ करण्याबरोबर ड्रायरचे दाणे बदला, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच. कंप्रेसरवरचं लेबलही वाचून ठेवा. या गाड्यांत हिताची आणि एएमके असे दोन प्रकार येतात. एकाच्या जागी दुसरा बसवला तर कंट्रोलरच्या सॉफ्टवेअरमध्ये बदल करावा लागतो. तुमचा बदलताना प्रकार बदलला असेल आणि हे काम राहिलं असेल, तर सी१ए२० मध्ये त्याचाही वाटा असू शकतो. गॅरेजला स्पष्ट विचारा. कंप्रेसरचा रिलेही स्वस्त आहे. तो चिकटला की कंप्रेसर थांबतच नाही, तेव्हा या निमित्ताने तोही नवा टाका.

स्ट्रटच गेला असेल तर चारही नको. गेलेला एक बदला. फार तर दुसऱ्या बाजूचा त्याचा जोडीदार, तोही दोन्ही मूळचेच आणि लाखभर किलोमीटर चाललेले असतील तर. कॉइल स्प्रिंगसारखी दाबून धरलेली ताकद यात नसते, हवा सोडली की तो निरुपद्रवी होतो. त्यामुळे घरी बदलणं शक्य आहे, मात्र टॉर्क पाना आणि बॉल जॉइंट सोडवायचं साधन हवं. दोन चुका टाळा. खालच्या आर्मच्या (चाक धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचे, म्हणजे रबरी जोडाचे, बोल्ट चाक लोंबत असताना पूर्ण आवळू नका. गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावर आवळा, नाहीतर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षात फाटतं. दुसरी चूक याहून महाग: नव्या, रिकाम्या स्ट्रटवर गाडीचं वजन टाकणं. रबर चुकीच्या जागी दुमडतं आणि नवा स्ट्रट पहिल्याच दिवशी चिरतो. जॅकवर वजन तसंच ठेवून गाडी हळूहळू नेहमीच्या उंचीच्या जराशी खाली आणा, मग इंजिन चालू करा. सेन्सरला कोपरा खाली दिसतो, कंट्रोलर हवा भरतो, आणि गाडी आपणहून जॅकवरून उचलली जाते. चाक लोंबत ठेवलं तर कंट्रोलरला वाटतं कोपरा आधीच उंच आहे, आणि तो हवा भरतच नाही. 'नवा स्ट्रट फुगत नाही' म्हणून येणाऱ्या तक्रारी बऱ्याचदा एवढ्यावरच मिटतात.

सगळं काढून कॉइल स्प्रिंग बसवा असा सल्ला तुम्हाला मिळेलच. मी तो देणार नाही. ज्या क्रॉस-लिंकमुळे ही जड गाडी तिलारीच्या दगडांवर चारही पाय टेकून चालते, ती कॉइलवर उरत नाही. २०० रुपयांच्या ओ-रिंगसाठी एवढं गमावू नये. आणि हे सगळं ज्या गाड्यांना लागू नाही त्यांतली एक सांगतो: जीप ग्रँड चेरोकीचं क्वाड्रा-लिफ्ट. ते बंद सर्किट आहे, त्यात नायट्रोजन भरलेला असतो आणि गेलेला वायू गाडी स्वतः बाहेरून भरून घेत नाही. ती तुमच्या मित्राकडे असेल तर माझं उत्तर त्याला देऊ नका.

दुरुस्तीनंतर कोड पुसा, ऑफ-रोडपासून खालच्या उंचीपर्यंत गाडी दोनदा वर-खाली करा, वीस-तीस किलोमीटर चालवून या. चिखलातून आलात तर ऑफ-रोड उंचीवर ठेवून स्ट्रटच्या घड्यांवर पाण्याचा मऊ फवारा मारा. कोकणातल्या जांभ्याची माती पॉलिश पेपरसारखी घासते. मग पुन्हा बॅटरी काढून, त्याच टेपच्या खुणांवर, तीच रात्रभराची मापं. पहिल्या रात्रीचे आणि या रात्रीचे आकडे, चारही चाकांचे, मला कळवा. पुढचा डावा कोपरा तेव्हाही पाच मिलिमीटरपेक्षा जास्त बसला आणि बाकीचे तीन बसले नाहीत, तर आपण व्हॉल्व्ह ब्लॉकपासून पुन्हा सुरू करू.